विषाणू आणि विस्मरण : सिद्ध किती, संशयित किती?

स्मृतिभ्रंश हा उतारवयाचा आजार, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र वैद्यकशास्त्राला असाही एक स्मृतिभ्रंश ठाऊक आहे, जो प्रामुख्याने शाळकरी वयात जडतो आणि ज्याचे कारण निर्विवादपणे एक विषाणू आहे. तो विषाणू गोवराचा. तान्हेपणी अंगावर उठून गेलेला गोवर घरचेही विसरून गेलेले असतात. सहा-आठ वर्षांनी मुलाचे अक्षर बिघडू लागते, पाठ झालेले पाढे आठवेनासे होतात, स्वभाव बदलतो. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, अशी तक्रार शाळेतून येते. प्रत्यक्षात इतकी वर्षे मेंदूत दडून बसलेल्या विषाणूने आपले काम सुरू केलेले असते.

विषाणूसंसर्ग आणि स्मृतिभ्रंश यांच्या नात्याचा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा ऐरणीवर आला आहे. आधी कोविडने आणि त्यानंतर २०२५ मध्ये नागिणीवरील लसीच्या संशोधनाने त्याला चालना दिली. त्यामुळे नागीण झाली म्हणून आजोबांची स्मृती गेली काय, कोविडनंतर आलेला विसराळूपणा हा अल्झायमरची सुरुवात आहे काय, असे प्रश्न घरोघरी विचारले जातात. या प्रश्नांना एकच उत्तर नाही. काही विषाणूंबाबत पुरावा पक्का आहे, काहींबाबत तो संशयाच्या पातळीवर आहे आणि काहींबाबत अद्याप केवळ निरीक्षणे आहेत. या तीन पातळ्यांची सरमिसळ झाली की एकीकडे अकारण धास्ती पसरते आणि दुसरीकडे टाळता येण्याजोगा धोका दुर्लक्षित राहतो.

नायगावचा शेजार

मुंबईत या प्रश्नाचे सारे पैलू एकाच परिसरात पाहावयाचे असतील तर तो परिसर नायगावचा. परळ आणि वडाळा यांच्या मधोमध वसलेल्या या कामगारवस्तीच्या शेजारी शहराचा साथरोगांशी झालेला सव्वाशे वर्षांचा झगडा उभा आहे. प्लेगच्या साथीनंतर १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आलेली प्लेग संशोधन प्रयोगशाळा १९२५ मध्ये हाफकिन संस्था झाली. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले, १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय. वडाळ्याच्या बाजूला १८९० मध्ये स्थापन झालेले ॲकवर्थ कुष्ठरुग्णालय आहे. त्याच आवारातून १९९८ पासून मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचे काम चालत आले.

या संस्थांच्या सावलीत १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बीडीडी चाळी उभारल्या. नायगावात अशा ४२ चाळी बांधण्यात आल्या. एका चाळीत ८० खोल्या आणि एक खोली जेमतेम १६० चौरस फुटांची. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात अशा एकेका खोलीत आठ-दहा माणसे राहत. साथीच्या आजारांना याहून सोयीचे घर मिळणे कठीण. विशेषतः गोवर हा मानवाला ज्ञात असलेल्या सर्वाधिक संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना त्याची बाधा होऊ शकते आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू हवेत सुमारे दोन तास टिकून राहतो. दाटीच्या वस्तीत गोवर लवकर, म्हणजे अगदी तान्ह्या वयात गाठतो. मेंदूच्या दृष्टीने नेमके हेच वय सर्वाधिक धोक्याचे असते.

गोवर : पुरावा पक्का

गोवरानंतर उद्भवणाऱ्या या मेंदूविकाराचे नाव सबॲक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस, संक्षेपाने एसएसपीई. अमेरिकेतील डॉ. जेम्स डॉसन यांनी १९३३ मध्ये त्याचे वर्णन केले. रुग्णांच्या मेंदूच्या पेशींत विषाणूसारखे काही दिसते, हे त्यांनी नोंदविले. परंतु तो विषाणू कोणता, हे कळावयास आणखी तीन दशके जावी लागली. १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गोवराच्या विषाणूशी साधर्म्य असलेले कण दिसले, रुग्णांच्या शरीरात गोवराविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण विलक्षण वाढलेले आढळले आणि १९६९ मध्ये प्रत्यक्ष विषाणूच रुग्णाच्या मेंदूतून वेगळा करण्यात आला. संशयापासून सिद्धतेपर्यंतचा हा प्रवास इतर विषाणूंवरील दाव्यांची पारख करतानाही उपयोगी पडतो.

मुंबईतील डॉक्टरांनाही हा आजार लवकरच परिचित झाला. डॉ. भीम सिंघल, डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. दराब दस्तूर या मुंबईच्या तज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये भारतीय मज्जाविज्ञान नियतकालिकात या आजाराच्या लक्षणांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी गोवराची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात नव्हती. ती आली १९८५ मध्ये. दुसरी मात्रा २०१० पासून देण्यास सुरुवात झाली आणि २०१७ पासून टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेलाची संयुक्त लस आली. महाराष्ट्रात तिची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली.

आजाराची वाटचाल क्रूर असते. प्रारंभी अभ्यासातील पीछेहाट आणि वागण्यातील बदल. त्यानंतर ठरावीक अंतराने अंगाला बसणारे झटके. चालता चालता मूल कोलमडते, हातातील पेला पडतो. कधी दृष्टी अधू होते, कधी आकडी येते. पुढे बोलणे थांबते, अंथरूण धरावे लागते आणि बहुतेक रुग्ण एक ते तीन वर्षांत दगावतात. ईईजी या मेंदूच्या विद्युत आलेखातील विशिष्ट लहरी आणि मणक्यातील पाण्यात आढळणारी गोवराची प्रतिपिंडे यांवरून निदान होते. काही औषधांनी आजाराचा वेग मंदावतो. तो बरा करणारे औषध मात्र नाही.

हा आजार विरळा आहे, हे खरे. पण किती विरळा, याचे उत्तर गोवर कोणत्या वयात झाला यावर अवलंबून असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील नोंदींवर आधारलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे १,३६७ मुलांमागे एकाला एसएसपीई झाला. वर्षाच्या आत गोवर झालेल्यांमध्ये हे प्रमाण ६०९ मुलांमागे एक इतके होते. लसीतील दुर्बल केलेला विषाणू एसएसपीईच्या रुग्णाच्या मेंदूत आजवर आढळलेला नाही. प्रत्येक वेळी सापडला आहे तो साथीतला विषाणूच.

ही आकडेवारी मुंबईसाठी दूरची नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरात गोवराचा उद्रेक झाला. वडाळ्याहून हार्बर मार्गाने अवघ्या काही स्थानकांवर असलेले गोवंडी हे त्याचे केंद्र होते. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात बालरुग्णांसाठी खाटा वाढवाव्या लागल्या, काही बालके दगावली. कोविडच्या काळात चुकलेल्या लसमात्रा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. त्यानंतर नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना अतिरिक्त मात्रा देण्यात आली आणि साथ ओसरली. परंतु एसएसपीईचे घड्याळ साथीबरोबर थांबत नाही. त्या वर्षी ज्या तान्ह्यांना गोवर झाला, त्यांच्यासाठी सहा-आठ वर्षांचा तो काळ २०२८ च्या सुमारास सुरू होतो. बहुतांश मुलांना काहीही होणार नाही. मात्र एखाद्या मुलाचा अभ्यास अचानक घसरला आणि अंगाला झटके बसू लागले, तर लहानपणीच्या गोवराची माहिती पालकांनी डॉक्टरांना आवर्जून द्यावयास हवी.

एचआयव्ही आणि मेंदूज्वर : वेळेवर उपचार निर्णायक

पक्क्या पुराव्याच्या यादीत दुसरे नाव एचआयव्हीचे. हा विषाणू संसर्गानंतर लवकरच मेंदूत प्रवेश करतो. उपचार नसतील तर विचारांचा वेग मंदावणे, एकाग्रता ढळणे, हालचाली संथ होणे आणि अखेर स्मृतिभ्रंश, अशी घसरण होते. १९८६ मध्ये या अवस्थेचे वैद्यकीय वर्णन झाले. १९९६ नंतर एकापेक्षा अधिक औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली आणि चित्र पालटले. भारतात एप्रिल २००४ पासून ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. २०१७ पासून निदान होताच औषधे सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधे घेणाऱ्यांमध्ये तीव्र स्वरूपाचा स्मृतिभ्रंश आता क्वचितच दिसतो. सौम्य स्वरूपाच्या तक्रारी मात्र काहींमध्ये राहतात.

तिसरे उदाहरण हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे. ताप येऊन गेल्यावर ओठांच्या कडेला पुळ्या उठतात, ज्यांना आपल्याकडे 'जर' म्हणतात, त्या याच विषाणूच्या. बहुसंख्य लोकांच्या शरीरात तो निरुपद्रवीपणे वास करतो. क्वचित प्रसंगी तो मेंदूत शिरतो आणि कानशिलामागील भागावर, म्हणजे नव्या आठवणी साठविणाऱ्या यंत्रणेवरच घाला घालतो. उपचारांविना या आजारात सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. ॲसायक्लोव्हिर हे औषध १९८० च्या दशकात आल्यापासून मृत्यूचे प्रमाण बरेच खाली आले. पण उपचारास उशीर झाला तर वाचलेल्या रुग्णाची स्मृती कायमची अधू होऊ शकते. ताप, असंबद्ध बोलणे, ओळख न पटणे ही लक्षणे दोन-चार दिवसांत दिसू लागली, तर तो 'वयाचा परिणाम' नसून तातडीचा आजार आहे, हे यासाठीच लक्षात ठेवावयास हवे.

नागीण : संशय बळावला

नागिणीने अंगाला वेढा पूर्ण केला की माणूस दगावतो, ही समजूत चाळीचाळींत अजूनही ऐकू येते. ती निराधार आहे. नागीण हा लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा जागा होतो. पुरळ एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने, बहुधा शरीराच्या एकाच बाजूला उठते. या विषाणूचा स्मृतिभ्रंशाशी संबंध असावा, हा संशय २०२५ मध्ये बळावला.

त्याला निमित्त ठरला ब्रिटनमधील वेल्सचा एक प्रशासकीय निर्णय. तेथे १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस देण्यास सुरुवात झाली. २ सप्टेंबर १९३३ रोजी वा त्यानंतर जन्मलेले लसीस पात्र ठरले, त्याआधी जन्मलेले कायमचे अपात्र. केवळ काही दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन गटांत आहार, शिक्षण, सवयी यांचा फरक असण्याचे कारण नव्हते. फरक होता तो केवळ लसीच्या संधीचा. संशोधकांनी सात वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे नवे निदान सुमारे एक पंचमांशाने कमी असल्याचे दिसले. परिणाम स्त्रियांमध्ये अधिक ठळक होता. 'नेचर' या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियातील नोंदींतूनही त्याच वर्षी असाच कल पुढे आला.

हा पुरावा वजनदार असला तरी अंतिम नाही. लसीने विषाणूचा पुनरुद्भव रोखल्यामुळे हे घडले, की लसीमुळे प्रतिकारयंत्रणेत झालेल्या व्यापक बदलामुळे, हे स्पष्ट झालेले नाही. शिवाय वेल्समध्ये वापरलेली जुनी लस तेथे आता दिली जात नाही. तिची जागा शिंग्रिक्स या वेगळ्या पद्धतीच्या लसीने घेतली आहे. ही नवी लस भारतात २०२३ पासून पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी खासगीरीत्या उपलब्ध आहे. ती महाग आहे आणि सरकारी कार्यक्रमात नाही. नागीण आणि त्यानंतरच्या असह्य वेदना टाळणे हा तिचा मान्यताप्राप्त उपयोग होय. स्मृतिभ्रंशाची लस म्हणून तिची शिफारस झालेली नाही.

अल्झायमर : गृहीतक मोठे, कसोटी कठीण

स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार अल्झायमर. त्यामागे विषाणू असावा, असा विचार मँचेस्टरच्या प्राध्यापिका रूथ इत्झाकी यांनी तीन दशकांहून अधिक काळ लावून धरला. १९९१ मध्ये त्यांच्या गटाला वृद्धांच्या मेंदूत हर्पिस सिम्प्लेक्सचा जनुकीय अंश आढळला. अल्झायमरचा धोका वाढविणारे विशिष्ट जनुक आणि हा विषाणू एकत्र आल्यास धोका अधिक वाढतो, असे १९९७ मध्ये त्यांनी मांडले. पुढे हार्वर्डमधील संशोधकांनी दाखवून दिले की, रुग्णांच्या मेंदूत साचणारे अमायलॉइड हे प्रथिन सूक्ष्मजंतूंना जखडून टाकण्याचेही काम करू शकते. म्हणजे ज्याला आपण रोगाची राख समजतो, ती कदाचित जुन्या लढाईची खूण असेल.

मात्र गृहीतकाची खरी कसोटी उपचारात असते. आरंभीच्या अवस्थेतील १२० रुग्णांना दीड वर्ष विषाणूरोधक औषध किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन अमेरिकेत चाचणी घेण्यात आली. २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले. औषधाचा फायदा झाला नाही. उलट औषध घेणाऱ्यांची स्मरणचाचणीतील घसरण किंचित अधिक होती. रोग सुरू झाल्यावर औषध देऊन उपयोग नसेल, पण आधी दिल्यास असेल, ही शक्यता उरते. तूर्तास मात्र स्मृतिभ्रंशासाठी स्वतःहून विषाणूरोधक गोळ्या घेण्यास कोणताही आधार नाही.

कोविड : निरीक्षणे आहेत, निवाडा नाही

कोविडबाबत २०२२ मध्ये ब्रिटनमधील महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५१ ते ८१ वयोगटातील ७८५ जणांच्या मेंदूचे दोन वेळा चित्रण झाले होते. त्यांतील ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता. गंध आणि स्मृतीशी निगडित भागांची जाडी या गटात इतरांपेक्षा अल्प प्रमाणात अधिक घटलेली आढळली. यातून मेंदूवर परिणाम होतो हे दिसले, पुढे स्मृतिभ्रंश होतोच असे नव्हे. अल्झायमरची प्रक्रिया लक्षणांपूर्वी पंधरा-वीस वर्षे सुरू असते. २०२० च्या साथीचा खरा हिशेब लागण्यास म्हणूनच बराच अवधी जावा लागेल.

येथे एक मूलभूत अडचण आहे. फिनलंड आणि ब्रिटनमधील नोंदींचा २०२३ मध्ये अभ्यास झाला. त्यात मेंदूज्वर, फ्लू, न्यूमोनिया आणि नंतरचे मेंदूविकार यांच्या २२ जोड्या दोन्ही देशांत आढळल्या. पण संसर्गामुळे मेंदू खचला, की आतून आधीच खचू लागलेला माणूस संसर्गाला सहज बळी पडला? निव्वळ नोंदींतून हे ठरविता येत नाही. इतिहासही सावधगिरीचाच सल्ला देतो. १९१८ मध्ये मुंबईतून देशभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाच्या काळातच जगात 'निद्रा-मेंदूज्वर' नावाचा चमत्कारिक आजार आला. दोन्ही आजार समकालीन असल्याने त्यांचा संबंध जोडला गेला; शंभर वर्षे उलटूनही तो सिद्ध झालेला नाही.

चाळीतील वृद्धांसाठी याचा अर्थ

भारतात साठीपुढील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने दिला. नायगावात या आकड्याला चेहरे आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाला, तेव्हा पस्तिशीत असलेला कामगार आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. चाळीचा सामायिक व्हरांडा, हाकेच्या अंतरावरील शेजारी, ठरलेला नाका यांच्या आधाराने अशा अनेकांचे विस्मरण वर्षानुवर्षे झाकले जाते. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते. मात्र ओळखीचा जिना आणि ओळखीचे दार सुटले की तेच विस्मरण एकाएकी उघडे पडते. ते 'अचानक झाले' असे वाटून एखाद्या जुन्या तापावर खापर फोडले जाते.

त्यामुळे प्रत्येक विसराळूपणामागे विषाणू शोधणे योग्य नाही. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे, एकटेपणा, हवेचे प्रदूषण यांचा समावेश आहे. विषाणूसंसर्ग त्या यादीत नाही. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव किंवा थायरॉइडचा विकार यांमुळे येणारे विस्मरण साध्या रक्ततपासणीने ओळखता येते आणि त्यावर उपचारही आहेत.

विषाणूंबाबत आज करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आणि ठोस आहेत. बालकाला गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावी. महापालिकेच्या दवाखान्यांत ती मोफत मिळते. एखादी मात्रा चुकली असल्यास 'आता वय गेले' असे न म्हणता डॉक्टरांना विचारून ती पूर्ण करावी. नागिणीचे पुरळ दिसताच, शक्यतो ७२ तासांच्या आत, औषध सुरू करावे; लेप आणि गंडेदोरे यांत ते तास दवडू नयेत. एचआयव्हीची औषधे खंडित करू नयेत. तापासोबत बोलणे असंबद्ध झाले तर वृद्ध असो वा बालक, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

अल्झायमरमागे विषाणू आहे की नाही, हा वाद प्रयोगशाळांतून आणखी काही वर्षे चालेल. गोवराबाबतचा वाद मात्र १९६९ मध्येच मिटला आहे. गोवरातून येणारा हा स्मृतिभ्रंश एकदा जडला की बरा होत नाही. तो टाळण्यासाठी दंडावर टोचल्या जाणाऱ्या दोन मात्रा पुरतात, आणि त्यांच्या तारखा घराघरातील लसीकरणाच्या कार्डावर लिहिलेल्या आहेत.